गाण्यात कपड्याचं काय होतं?

विद्यार्थ्यांच्या म्युझिक व्हिडिओत वेशभूषेचा निर्णय बहुधा सर्वांत शेवटी आणि सर्वांत घाईने होतो. चाल, शब्द आणि रेकॉर्डिंग यांवर महिने गेलेले असतात. कॅमेरा कोणाकडून मिळवायचा याची खलबते झालेली असतात. कपड्यांसाठी मात्र शूटिंग दोन दिवसांवर आले की कोणीतरी भाड्याने कपडे देणाऱ्या ड्रेपरीवाल्याकडे धावतो आणि ‘कोळ्याचे चार, कोळिणीचे सहा’ अशी यादी देतो. या घाईमागे आळस असतो असे मला वाटत नाही, एक समजूत असते. पात्र कोण आहे ते प्रेक्षकाला कळले की कपड्याचे काम संपले, अशी ती समजूत आहे आणि ती मला पटत नाही. चार मिनिटांच्या गाण्यात पात्राची ओळख करून देणे हे कपड्याचे सर्वांत किरकोळ काम आहे. त्या चार मिनिटांत कपडा कुठे भिजतो, कसा मळतो, कधी खोचला जातो, कोणाच्या अंगावरून कोणाच्या अंगावर जातो, यातून गोष्ट उभी राहते. म्हणून कपडा निवडताना पहिला प्रश्न ‘गाण्यात याचं काय होणार?’ हा असायला हवा.

हे म्हणणे एका उदाहरणावर घासून पाहू. मुंबईतल्या कॉलेजच्या मुलांनी स्वतः रचलेले, वेसाव्यासारख्या कोळीवाड्यात घडणारे एक गाणे आहे असे धरू. पात्रे चार : पहाटे ससून डॉकवर जाऊन म्हावरे आणणारी आई, लोकलने कॉलेजला जाणारी मुलगी, घरातली आजी आणि बोटीवरचा तरुण खलाशी. मुखडा आणि तीन कडवी. वेशभूषेवरून दोघांत वाद आहे. एक या व्हिडिओचा दिग्दर्शक, दुसरी त्याच्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी, एकांकिकांच्या वेशभूषा करत आलेली ताई. दोघेही कल्पित आहेत, पण त्यांचे युक्तिवाद कुठल्याही कॉलेजच्या तालमीच्या खोलीत ऐकू येतील असे आहेत. माझा कल ताईकडे आहे. तरी दिग्दर्शकाची बाजू आधी आणि पूर्ण ताकदीने ऐकायला हवी, कारण ती भक्कम आहे.

दिग्दर्शक : ताई, तू आधी हिशेब कर. चार मिनिटं म्हणजे २४० सेकंद. एक शॉट सरासरी अडीच सेकंद टिकतो असं धरलं तर शंभराच्या आतच शॉट झाले. त्यात समुद्र आहे, बोटी आहेत, बाजार आहे, नाच आहे. एकेका पात्राच्या वाट्याला मिनिटभरसुद्धा येत नाही. संवाद तर नाहीतच. बघणारा मोबाइलवर बघणार, गर्दीत उभा राहून, आणि पहिल्या काही सेकंदांत काही कळलं नाही तर अंगठ्यानं पुढे सरकवणार. त्याला एका नजरेत कळायला हवं की ही कोळीण, हा कोळी. झगझगीत लुगडं, केसांत वेणी, अंगभर दागिने. त्याच्या कमरेला चौकड्यांचा रुमाल, डोक्यावर लाल टोपी. शाळेच्या गॅदरिंगला एकदा तरी गेलेल्या प्रत्येकाला ही खूण ठाऊक आहे. ती आयती हाताशी असताना मी खलाशाला टी-शर्ट घालून का उभा करू? मग तो कोणीही वाटेल.

ताई : तुझा हिशेब मला मान्य आहे, फक्त तो अर्ध्यावर सोडू नकोस. पहिल्या अडीच सेकंदांत ती कोळीण आहे हे कळलं. उरलेल्या शॉट्समध्ये तो कपडा काय करणार? तेच पुन्हा सांगणार? अरे, ही ओळख तुझ्या गाण्यात आधीच चार जण सांगताहेत. चाल सांगतेय, बोली सांगतेय, धक्का आणि होड्या सांगताहेत, बाईच्या डोक्यावरची पाटी सांगतेय. तुझा खलाशी जाळं ओढत असेल तर तो खलाशी आहे हे टी-शर्टमध्येही कळतं. कपड्यालाही तेच सांगायला लावलंस की तुझ्याकडची एक बोलणारी गोष्ट तू मुकी करून टाकलीस. संवाद नाहीत म्हणतोस ना? मग जे संवादातून सांगता येत नाही ते सांगायला तुझ्याकडे चेहरा आहे, हालचाल आहे आणि कपडा आहे. त्यातलं एक आपण होऊन कमी करू नकोस.

इथे एक गोष्ट जरा सावकाश पाहायला हवी. ज्याला आपण ‘कोळी ड्रेस’ म्हणतो तो दोन वेगळ्या पोशाखांच्या मिसळीतून तयार झाला आहे. गुडघ्यापर्यंत वर घेतलेले, काष्टा घट्ट खोचलेले लुगडे हा कामाचा पोशाख होता. पाण्यात उभे राहायचे, होडीत चढायचे-उतरायचे, ओल्या धक्क्यावर झपाझप चालायचे, तर घोळदार नेसण चालत नाही. सोन्याचे दागिने, वेणी आणि भरजरी काठ हा सणाचा, लग्नाचा थाट होता. गॅदरिंगने यातल्या पहिल्याचा आकार घेतला, दुसऱ्याचा झगमगाट घेतला, आणि दोन्ही सॅटिनच्या शिवलेल्या, नाडी ओढली की बसणाऱ्या कपड्यात कायमचे गोठवले. रंगमंचावर पाच मिनिटांच्या नाचाला तो पुरतो, त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. पण तोच कपडा पहाटेच्या ससून डॉकवर कामाला निघालेल्या आईच्या अंगावर चढवला की तिच्या कष्टाचे सगळे दुवे तुटतात. तिचे लुगडे वर का घेतलेले आहे याचे कारण पाणी आहे, आणि सॅटिन तर पाण्यापासून जपायचे असते, कारण उद्या ते दुकानात परत करायचे आहे. भाड्याच्या कपड्याची ही सर्वांत मोठी अडचण आहे. त्याला काही होऊ देता येत नाही.

दिग्दर्शक : पण तू ज्याला गॅदरिंगचा थाट म्हणतेस तो कोळी लोकांनाही आवडतो. नारळी पौर्णिमेला जाऊन बघ. बायका सोन्यानं मढलेल्या असतात, एका रंगाची लुगडी ठरवून नेसतात, पुरुष रुमाल लावून, टोपी घालून मिरवणुकीत नाचतात. त्यांना त्यात कमीपणा वाटत नाही, अभिमान वाटतो. मग ‘खरे रोजचे कपडे दाखवा’ हा हट्ट बाहेरच्यांचा झाला ना? आपण त्यांना मळक्या कपड्यांत दाखवायचं, आणि त्यांनी मात्र स्वतःला नटलेलं बघू नये? उद्या कोळीवाड्यातली एखादी आजी विचारेल, आमच्या अंगावर चांगलं लुगडं का नाही दिलंस, तर मी काय सांगू?

ताई : आजीचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर देण्याची सोय गाण्यातच करून ठेवायची. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात मासेमारीची बंदी असते. बोटी किनाऱ्याला ओढलेल्या, जाळी दुरुस्तीला काढलेली, हातात पैसा कमी. मग नारळी पौर्णिमा येते, दर्याला नारळ देतात. तो थाट इतका झळाळतो कारण त्याच्यामागे हे दोन महिने आहेत. तुझ्या गाण्यातलं तिसरं कडवं सणाचं कर आणि तिथं सगळ्यांना मनसोक्त नटव. दागिने घाल, रुमाल बांध, टोप्या घाल. माझी हरकत फक्त एवढीच आहे की पहिल्याच शॉटपासून सगळे सणाचे कपडे घालून मासे विकताहेत. मग सण आल्यावर त्यांनी काय घालायचं? तू पहिल्या सेकंदाला सगळी श्रीमंती उधळलीस, तर तिसऱ्या कडव्याला तुझ्याकडे देण्यासारखं काही उरत नाही.

ताईच्या उत्तरातली एक बाजू मला अधिक ठळक करावीशी वाटते. मळके कपडे म्हणजे खरे आणि चांगले कपडे म्हणजे खोटे, असा हा वाद मुळीच नाही. गरिबीच्या खुणा म्हणून ठिगळे लावलेले, चहाच्या पाण्यात बुडवून मळवलेले कपडे विद्यार्थ्यांच्या फिल्ममध्ये सर्रास दिसतात, आणि तेही गॅदरिंगच्या ड्रेसइतकेच आयते असतात. मासे विकणारी बाई बाजारात निघताना स्वच्छ, चापूनचोपून नेसलेली असते, कारण तिला दिवसभर गिऱ्हाइकासमोर बसायचे असते. संध्याकाळपर्यंत त्या लुगड्याचा काठ ओला झालेला असतो, पदरावर खवले चिकटलेले असतात. सकाळचा स्वच्छपणा आणि संध्याकाळचा मळ हे दोन्ही खरे आहेत, आणि त्या दोहोंमधले अंतर म्हणजे तिचा दिवस. आज अनेक जणी सहावारी नेसतात, पंजाबी ड्रेस किंवा गाऊन घालतात. नऊवारी आजीच्या पिढीकडे जास्त दिसते. एकाच घरात तीन पिढ्यांचे तीन पोशाख असतील तर ते तसेच ठेवावेत. त्यातून वेळ न घालवता घराचा इतिहास दिसतो, आणि सगळ्यांना एकसारखे लुगडे देऊन तो पुसण्यात काहीच शहाणपण नाही.

दिग्दर्शक : बरं, मग मी मोठ्या उदाहरणांवर येतो. मायकल जॅक्सनचं ‘थ्रिलर’, १९८३. त्यातलं लाल जॅकेट आजही मुलं घालतात. कोणाच्या रोजच्या जगण्यातून आलं होतं ते? ते आलं दिसण्यासाठी. आपल्याकडे ये. २०२४ मध्ये संजू राठोडचं ‘गुलाबी साडी’ आलं आणि जगभर पोहोचलं. कपड्याचं नाव तेच गाण्याचं नाव. साडीचं गाण्यात काही ‘होत’ नाही, ती फक्त आहे, आणि तेवढ्यावर लोक वेडे झाले. आणि अजून मागे जायचं तर बालगंधर्व. त्यांचे शालू, पैठण्या बघायला लोक यायचे, बायका त्यांच्यासारखं नेसायला शिकायच्या. कपड्यानं डोळे दिपवणं ही आपली जुनी परंपरा आहे, ताई.

तिन्ही उदाहरणे वजनदार आहेत आणि तिन्हींना एकच उत्तर लागू पडत नाही, म्हणून ती एकेक घ्यावी लागतील. ‘थ्रिलर’ची वेशभूषा डेबोरा नाडूलमन लँडिस यांची. जॅकेट लाल निवडले गेले कारण अंधाऱ्या रस्त्यावर, मळकट रंगांच्या भुतांच्या घोळक्यात नायक उठून दिसायला हवा होता. म्हणजे तो लाल रंग एकटा निवडलेला नाही, आजूबाजूच्या सगळ्यांच्या कपड्यांशी तोलून निवडलेला आहे. आपल्या दिग्दर्शकाने सगळ्याच कोळिणींना लाल-हिरवे दिले तर त्यातली कोणीच उठून दिसणार नाही. आणि त्या जॅकेटचे काही होत नाही, हे म्हणणेही बरोबर नाही. सुरुवातीच्या चित्रपटातल्या चित्रपटात नायक जुन्या पद्धतीच्या कॉलेज-जॅकेटमध्ये आहे आणि हिंस्र श्वापदासारखा होतो; पुढे तो लाल जॅकेटमध्ये मैत्रिणीबरोबर चालत असतो, आणि त्याच लाल जॅकेटमध्ये त्याचे भूत होते. जॅकेट तेच राहते आणि आतला माणूस बदलतो. भीती नेमकी तिथे आहे.

‘गुलाबी साडी’ची गोष्ट वेगळी आहे, आणि तिथे दिग्दर्शकाचे म्हणणे मी बऱ्याच अंशी मान्य करतो. गाण्याचा विषयच जेव्हा नटणे आणि पाहिले जाणे असतो, तेव्हा कपडा दिसणे हीच घटना असते. त्याला आणखी काही व्हायची गरज नसते. कॉलेजच्या मुलांचे गाणे अशा नटण्याचे असेल तर त्यांनी खुशाल एक सुंदर साडी शोधावी आणि कॅमेरा तिच्यावर ठेवावा. आपल्या उदाहरणातले गाणे मात्र एका आईच्या आणि मुलीच्या दिवसाचे आहे. नटण्याच्या गाण्याची पद्धत कष्टाच्या गाण्याला लावली की आई आपल्याच दिवसात पाहुणी वाटू लागते.

बालगंधर्वांच्या शालूंबद्दल बोलताना अंतराचा विचार करायला हवा. संगीत नाटक रात्र रात्र चालायचे आणि मागच्या रांगेतला प्रेक्षक रंगमंचापासून कितीतरी लांब असायचा. तिथवर पोहोचायला जरीची झळाळी लागायची, आणि ती पाहत राहायला प्रेक्षकाकडे वेळही होता. कॅमेरा वीतभर अंतरावरून सुताचा धागा पाहतो. शिवाय एक तांत्रिक बाब आहे, ती विद्यार्थ्यांना बहुधा एडिटिंगच्या टेबलावर बसल्यावर कळते. मोबाइल आणि साधे कॅमेरे व्हिडिओ साठवताना उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची ठेवतात, पण रंगाची माहिती चार पिक्सेलमागे एकदाच ठेवतात. त्यामुळे भडक लाल कपड्याच्या कडा फिसकटतात, आतल्या चुण्या आणि सावल्या नाहीशा होतात आणि एक सपाट लाल ठिपका उरतो. बारीक चौकड्यांवर तर लहरी उमटतात आणि कापड आपोआप हलल्यासारखे दिसते. दिग्दर्शकाला हवा असलेला चौकड्यांचा रुमाल मोठ्या चौकड्यांचा असेल तर निभावेल. बारीक चौकडीचा असेल तर खलाशाचा चेहरा सोडून सगळ्यांचे लक्ष त्या लहरींकडे जाईल. ज्या कॅमेऱ्याने शूटिंग होणार आहे त्याच कॅमेऱ्याने, त्याच वेळेच्या उन्हात, प्रत्येक कपड्याचा आधी अर्ध्या मिनिटाचा शॉट काढून पाहावा. एवढ्याशा तयारीने निम्मे वाद आपोआप मिटतात.

ताई : आता माझ्या उदाहरणावर ये. भानू अथैया आपल्या कोल्हापूरच्या. ‘गांधी’साठी १९८३ मध्ये जॉन मोलो यांच्यासोबत त्यांना ऑस्कर मिळालं, भारतीयाला मिळालेलं पहिलं. त्या सिनेमात काय आहे बघ. आफ्रिकेत सुटाबुटातला बॅरिस्टर, मग मजुरांसारखे साधे कपडे, मग धोतर-सदरा, शेवटी पंचा. १९२१ मध्ये मदुराईत गांधीजींनी खरोखरच अंगावरचे कपडे इतके कमी केले. तो माणूस कोण होता आणि कोण झाला, हे तुला आवाज बंद करूनही कळतं. आणि मराठीत ‘पिंजरा’ घे, १९७२. गाव ज्यांना देव मानतं ते गुरुजी. एका खुनानंतर प्रेताच्या अंगावर त्यांचे कपडे चढवले जातात, आणि गाव कपडे बघून ठरवतं की गुरुजी गेले. पुढे त्याच माणसावर गुरुजींच्या खुनाचा आरोप येतो. तिथं गोष्टीचा सगळा पेच एका पोशाखावर उभा आहे.

दिग्दर्शक : ‘गांधी’ तीन तासांहून मोठा आहे, ताई. मला चार मिनिटं मिळाली आहेत. पोशाखाचे चार टप्पे दाखवायला जागा कुठून आणू? आणि भानू अथैयांचाच ‘लगान’ घे. गावकरी धोतर-बंडीतच असतात, इंग्रज खेळाडू पांढऱ्यात. कोणाचं काही बदलत नाही आणि कोणाला कंटाळाही येत नाही. मग बदललंच पाहिजे हा नियम कशासाठी?

‘लगान’चा दाखला ताईच्या म्हणण्याला खरोखर अडवणारा आहे. तिथे एकेकाचा पोशाख फारसा बदलत नाही. पण सामना सुरू झाला की इस्त्रीचे पांढरे कपडे आणि घामाने भिजलेली जाडीभरडी बंडी एकाच मैदानात येतात, आणि साडेतीन तासांहून लांब सिनेमात ती टक्कर हळूहळू वाढवायला वेळ असतो. पात्रे बोलतात, त्यांची नावे कळतात, कोण भित्रा, कोण हट्टी हे संवादातून उलगडते. कपड्यावर सगळा भार नसतो. चार मिनिटांच्या मुक्या गोष्टीत असा आधार नाही. म्हणून जितका वेळ कमी तितकी कपड्याला काहीतरी होण्याची गरज जास्त, असे मी म्हणेन. दिग्दर्शक नेमके उलटे म्हणतो आहे. मात्र त्याच्या आक्षेपात एक खरी सूचना आहे. सगळ्या पात्रांचे कपडे बदलायला निघाले तर चार मिनिटांत गोंधळ माजेल. बदल एकाचाच असावा, आणि बाकीच्यांनी तो मोजायला स्थिर राहावे.

ताई : मुलीची ओढणी घे. फक्त एक ओढणी. तिचा बाकीचा पोशाख साधा ठेव, जीन्स आणि कुर्ता, कुठल्याही कॉलेजच्या मुलीचा. पहिल्या कडव्यात ओढणी खांद्यावर नीट पिन लावून, तिची ती कॉलेजची टापटीप. दुसऱ्या कडव्यात आई पाटी घेऊन लोकलच्या डब्यात चढते, आजूबाजूच्या बायका नाक मुरडतात, आणि मुलगी दुसरीकडे तोंड करून ओढणी नाकावर ओढून घेते. तिला वास येत नाहीये, ती लपतेय. तिसऱ्या कडव्यात, सण यायच्या आधी, आईला पाटी उचलवत नाही, तेव्हा मुलगी तीच ओढणी काढून गुंडाळते, तिची चुंबळ करते, डोक्यावर ठेवते आणि पाटी उचलते. झालं. कपडा तोच, जागा तीन. यासाठी मला नवा ड्रेस नको, भाडं नको. आजी मात्र सण येईपर्यंत एकाच लुगड्यात राहील. तिच्याकडे बघून मुलगी किती लांब गेली होती ते कळेल.

दिग्दर्शक : हे ऐकायला छान वाटतं. पण मला ते फार जुळवलेलं वाटतंय. बघणाऱ्याला वाटेल की दिग्दर्शकानं प्रतीक आणून ठेवलंय, बघा बघा म्हणून.

हा आक्षेप मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. कपड्याला काहीतरी व्हावे म्हणून काहीही घडवले, तर ते खूणचिठ्ठी लावल्यासारखे दिसते. मग मुलगी ओढणी समुद्रात सोडून देते, वारा ती उडवून नेतो आणि ती पांढऱ्या पक्ष्यासारखी दिसते. असली दृश्ये कॉलेजच्या व्हिडिओंत पुरेशी झाली आहेत. ताईचे दृश्य त्यातून वाचते ते एका साध्या कारणाने. डोक्यावर ओझे घ्यायचे तर खाली चुंबळ लागते, आणि वेगळे फडके नसेल तर पदर, टॉवेल, ओढणी, जे हाती असेल त्याचीच चुंबळ होते. कोणीही हेच करेल. कृती कामाच्या गरजेतून आली असेल तर अर्थ तिच्या मागून येतो. चाचणी सोपी आहे : गाणे बाजूला ठेवले, तरी त्या माणसाने त्या जागी कपड्याचे हेच केले असते का? उत्तर नाही असे आले तर ते दृश्य कितीही सुंदर असो, काढून टाकावे. याच चाचणीने खलाशाचाही प्रश्न सुटतो. बोटीवर तो हाफपँट, जुना टी-शर्ट किंवा जर्सी, गमबूट आणि डोक्याला टॉवेल अशा वेशात असेल. आज बोटींवर परप्रांतातून आलेले खलाशीही मोठ्या संख्येने काम करतात, तेव्हा त्याच्या टी-शर्टवर कुठल्यातरी दूरच्या गावच्या स्पर्धेचे नाव असले तरी ते खरे आहे, आणि लाल टोपीपेक्षा त्याच्याबद्दल अधिक सांगणारे आहे.

दिग्दर्शक : बरं, पटलं असं धरू. पण शूटिंगचं काय? आपल्याकडे दोन दिवस आहेत. तिसऱ्या कडव्याचा धक्का आणि पहिल्या कडव्याचा धक्का एकाच सकाळी उरकायचा आहे. आईचं लुगडं संध्याकाळी ओलं आणि सकाळी कोरडं, हे उलटसुलट क्रमात कसं जमवणार? ड्रेपरीचे कपडे घेतले की ही कटकट नाही, ते सगळ्या शॉटमध्ये सारखेच दिसतात. आणि पैसे?

ताई : कोरडं आधी काढायचं, ओलं नंतर. मळ चढत जातो, उतरत नाही, म्हणून त्या जागेचे कोरडे शॉट पहिले. तेही नाही जमलं तर एकसारखी दोन लुगडी. म्हणून कपडा साधा आणि सहज मिळणारा निवडायचा, ज्याचा जोड बाजारात सापडेल. प्रत्येक शॉटनंतर मोबाइलवर फोटो : पदर कुठे खोचलाय, बाही किती वर, ओढणीची पिन कुठे. पैशांचं म्हणशील तर वापरून मऊ झालेला कपडा नव्यापेक्षा स्वस्त मिळतो. भांड्यांवर जुने कपडे घेणाऱ्या बोहारणींकडे विचार, पुण्यात असशील तर बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात जा. कॅमेऱ्याला तेच कापड आवडतं, कारण त्याला माणसाच्या अंगाचं वळण पडलेलं असतं. आणि एक सोय आहे ती लक्षात घे. आपण गाणं वाजवून त्यावर शूट करतोय, जागेवरचा आवाज घेत नाही. नाटकात बांगड्यांची किणकिण संवादात येते म्हणून आपण काढायला लावतो, इथं आईच्या हातात हव्या तेवढ्या बांगड्या राहू देत. स्लो मोशन करणार असशील तर गाणं दुप्पट वेगानं वाजवून ५० फ्रेमनं शूट करशील आणि २५ नं दाखवशील. त्या वेळी कापडाची निवड चेहऱ्याइतकी महत्त्वाची होते. नायलॉनची ओढणी फडफडते आणि चमकते, सुती ओढणी सावकाश वळते आणि तिची घडी दिसते. चुंबळ करतानाचा शॉट स्लो मोशनमध्ये असेल तर सुतीच घे.

क्रमाबद्दलचे ताईचे उत्तर खरे असले तरी पूर्ण नाही. विद्यार्थ्यांच्या शूटिंगमध्ये वेळापत्रक कोसळते, ऊन जाते, कोणीतरी परीक्षेला पळते, आणि कोरडे आधी, ओले नंतर हा क्रम पाळणे दर वेळी हातात राहत नाही. अशा वेळी काय सोडायचे हे आधी ठरलेले असावे. माझ्या मते आईच्या लुगड्याचा ओलेपणा सोडता येईल, मुलीच्या ओढणीचे तीन टप्पे सोडता येणार नाहीत. ज्या कपड्यावर गोष्ट उभी आहे त्याचे शॉट पहिल्या दिवशी, पहिल्या उजेडात घ्यावेत. समुद्र आणि होड्या दुसऱ्या दिवशीही तिथेच असतील. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर हे दिसेल का, या दिग्दर्शकाच्या जुन्या शंकेचेही उत्तर इथेच आहे. ओढणीवरचे नक्षीकाम अंगठ्याएवढ्या चित्रात दिसणार नाही. ओढणी खांद्यावर आहे, तोंडावर आहे की डोक्यावर आहे, हे मात्र माणसाच्या नुसत्या आकृतीवरून कळते. तिचा रंग बाकी कोणाच्याही कपड्यात येणार नाही एवढी काळजी घेतली, तर दिग्दर्शकाला हवी असलेली तत्काळ ओळखही मिळते. ती ओळख एका मुलीची असते, जमातीच्या ठशाची नसते. त्याचा लाल रंग त्याला इथे वापरता येईल : सगळ्या गाण्यात लाल फक्त त्या ओढणीचा, जरा वापरून उतरलेला, म्हणजे कॅमेऱ्याला तो झेपेल आणि त्यातल्या चुण्याही दिसतील.

दिग्दर्शक : ओढणी लाल असेल तर माझी हरकत संपली. पण सणाच्या कडव्यात मी सगळ्यांना नटवणार, ते तू कबूल केलंयस. आणि आजीचं लुगडं शिवलेलं नको असेल, तर ते नेसवणार कोण? आपल्या ग्रुपमध्ये कोणाला काष्टा घालता येत नाही. व्हिडिओ बघून शिकलो तर दोन शॉटमध्ये सुटेल.

ताई : कोळीवाड्यातच जाऊन विचारायचं. आजीच्या भूमिकेतल्या मुलीला तिथल्या मावशींकडे आधी दोन संध्याकाळी बसव. नेसायला शीक, बसायला शीक, नेसून वाकता कसं येतं ते बघ. लुगडं अंगावर असताना पाय कसा पडतो हे कळल्याशिवाय नुसतं नेसवून उपयोग नाही. लुगडं त्यांचं घेतलंस तर धुऊन, घडी घालून परत दे. आणि शूटिंगच्या दिवशी त्यांना सेटवर बोलाव, चहापाण्यापुरतं नाही, कामासाठी. नामावलीत माझ्या नावाशेजारी वेशभूषा म्हणून त्यांचं नाव येईल, आणि ड्रेपरीला देणार होतास ते भाडं मानधन म्हणून त्यांच्या हातात जाईल.